कुपा घेण्यापूर्वी: समुद्रातल्या बोटी आणि आमची खरेदी

आमच्याकडून नियमित मासळी घेणारी कुटुंबे आणि हॉटेलचालक आम्हांला विचारतात की, बाजारात गोठवलेला ट्यूना स्वस्त आणि बारमाही मिळत असताना आमच्या पेढीत कुपा, म्हणजेच ट्यूना, कधी असतो, कधी नसतो, आणि असला तरी थोडा महाग का असतो. या प्रश्नाला नीट उत्तर मिळावे म्हणून हे माहितीपत्रक काढले आहे.

जगात व्यापारी ट्यूनाची पकड वर्षाला सुमारे 50 लाख टन असते. त्यातील निम्म्याहून अधिक मासळी स्किपजॅक या लहान जातीची असून तीच मुख्यतः डबाबंद होते. स्किपजॅक लवकर वाढतो, साधारण दीड वर्षाच्या आत अंडी घालू लागतो आणि म्हणून बऱ्यापैकी मासेमारी सोसतो. यलोफिन आणि बिगआय या ट्यूनाच्या मोठ्या जातींना वयात यायला अधिक काळ लागतो. हिंदी महासागरातील यलोफिनचा साठा 2015 मध्ये अतिमासेमारीग्रस्त ठरला, आणि 2022 मध्ये बिगआयची पाळी आली. यलोफिनविषयीचे 2024 चे मूल्यांकन बरेच दिलासादायक आहे, तरी एका चांगल्या अहवालावर विसंबून पकड पुन्हा वाढवणे आम्हांला योग्य वाटत नाही.

साठे खालावण्याचे कारण एकाच देशाची किंवा एकाच जाळ्याची हाव असे सांगितले जाते. आमच्या मते मूळ दुखणे क्षमतेचे आहे: समुद्र जेवढे मासे देऊ शकतो, त्याहून कितीतरी अधिक पकडू शकतील एवढ्या बोटी बांधल्या गेल्या आहेत. पर्ससीनवरून, म्हणजे माशांच्या थव्याला वेढून खालून आवळल्या जाणाऱ्या जाळ्यावरून, आपल्या किनाऱ्यावर पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यात वर्षानुवर्षे वाद आहे आणि 2016 मध्ये राज्य शासनाने त्यावर निर्बंधही आणले. परंतु खोल समुद्रातील ट्यूनाच्या पर्ससीन बोटी आपल्या बोटींपेक्षा अनेक पटींनी मोठ्या असतात. त्यांचे जाळे दीड-दोन किलोमीटर लांब असते आणि पकडलेली मासळी बोटीवरच गोठवली जाते. अशी बोट कर्जावर बांधलेली असते, तिच्या खलाशांचा पगार आणि इंधनाचा खर्च थांबत नाही. त्यामुळे मासे कमी झाले म्हणून मालक तिला बंदरात बांधून ठेवत नाही, उलट ती अधिक दिवस फिरते. एका महासागरात निर्बंध आले तर दुसऱ्या महासागरात जाते, गरज पडल्यास दुसऱ्या देशाचा झेंडा लावते. त्यात सरकारी अनुदान मिळाले, तर तोट्यातली मासेमारीही चालू राहते. हानिकारक अनुदानांना आळा घालणारा जागतिक व्यापार संघटनेचा करार 2022 मध्ये मंजूर झाला, परंतु तो मुख्यतः बेकायदा मासेमारी आणि अतिमासेमारीग्रस्त साठे यांच्यापुरता आहे. बोटींची क्षमता वाढवणाऱ्या अनुदानांचा प्रश्न त्यात सुटलेला नाही.

पूर्व पॅसिफिकमधील उदाहरण बोलके आहे. तेथील ट्यूना आयोगाने 2002 मध्ये पर्ससीन ताफ्याच्या साठवण टाक्यांसाठी 1,58,000 घनमीटर हे लक्ष्य ठरवले. ताफा त्यापुढे गेला आणि त्याला मागे आणता आले नाही. मग मासे वाचवण्यासाठी बोटींवर बंदीचे दिवस लादावे लागले. 2018 मध्ये ही बंदी 72 दिवसांची झाली. आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै या काळात बोटी बंद असतात, पण ते पावसाळ्याचे आणि माशांच्या प्रजननाचे कारण आहे. तिथे मात्र बोटी जास्त झाल्या म्हणून दिवस कापावे लागतात.

दुसरी अडचण तरंगत्या तराफ्यांची. बांबूचा किंवा प्लास्टिकचा तराफा, त्याला खाली लोंबणारी दोरी-जाळी आणि वर उपग्रहाशी जोडलेला, खालच्या माशांचा अंदाज कळवणारा बोया, असे हजारो तराफे समुद्रात सोडलेले असतात. सावलीला मासे गोळा होतात आणि कप्तानाला ते शोधत फिरावे लागत नाही. म्हणजे बोट तीच, पण तिची मारक शक्ती वाढलेली. या तराफ्यांखाली स्किपजॅकबरोबर यलोफिन आणि बिगआय यांची अर्धा मीटर लांबीची पिल्लेही जमतात आणि जाळ्यात एकत्र येतात. हिंदी महासागर ट्यूना आयोगाने, ज्याचा भारतही सदस्य आहे, 2019 मध्ये एका बोटीमागे एका वेळी 300 बोयांची मर्यादा घातली. तो आकडाही आम्हांला फार मोठा वाटला.

परिस्थिती सुधारता येत नाही असे नाही. पूर्व अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला ब्ल्यूफिन हा मोठा ट्यूना एके काळी संपत चालल्यासारखा होता. तेथील कोटा 2011 मध्ये 12,900 टनांपर्यंत खाली आणला, अनेक बोटी बाद केल्या, देखरेख कडक केली. साठा इतका सावरला की 2023 ते 2025 या वर्षांसाठी दरवर्षी 40,570 टनांचा कोटा देता आला. शास्त्रज्ञांचे ऐकले आणि ताफा आवरला, म्हणून हे घडले.

आता आमच्या खरेदीविषयी. आम्ही मुख्यतः लक्षद्वीपचा, गळ-काठीने पकडलेला स्किपजॅक घेतो. तेथील मच्छीमार बोटीतून जिवंत बारीक मासळी पाण्यात फेकतात, वरून पाण्याचा फवारा मारतात आणि चवताळून वर आलेला मासा बिनकाट्याच्या गळाने एकेक करून ओढून घेतात. नको असलेले मासे त्यात क्वचितच येतात. कोचीमार्गे येणारा हा माल हवामानावर अवलंबून असतो, म्हणून तो बारमाही मिळत नाही. याशिवाय ससून डॉक आणि भाऊच्या धक्क्यावर गिलनेटवाल्यांकडून, म्हणजे माशांचे कल्ले अडकणारे उभे जाळे लावणाऱ्यांकडून, किनारी कुपा ही ट्यूनाची लहान जात घेतो. मोठ्या बोटींचा गोठवलेला यलोफिन आणि बिगआय आम्ही ठेवत नाही.

दोन्ही मासे ग्राहकांना स्वतः ओळखता येतात. स्किपजॅकच्या पोटाकडील बाजूला चार ते सहा आडव्या काळ्या रेषा असतात. किनारी कुप्याच्या पाठीवर नागमोडी रेघा आणि छातीच्या पराखाली मोजके काळे ठिपके असतात. आमच्या पावतीवर मासळीची जात, पकडण्याची पद्धत आणि बंदर लिहिलेले असते. यांतील एखादी नोंद राहून गेली असेल, तर ग्राहकांनी माल घेण्याआधी ती आमच्याकडून लिहून घ्यावी.