बेल्ट बदललाय, पण कोणता? टायमिंग बेल्ट आणि फॅन बेल्ट

जुनी गाडी विकणारा म्हणतो, "बेल्ट आत्ताच बदललाय." घेणारा बॉनेट उघडून डोकावतो, पुढे काळाभोर कोरा बेल्ट दिसतो आणि त्याचं समाधान होतं. बहुतेक वेळा यात कोणी खोटं बोलत नसतं. बेल्ट खरोखरच बदललेला असतो, पण तो बाहेरचा, स्वस्तातला. ज्याच्यावर इंजिनाचा जीव टांगलेला आहे तो आतला बेल्ट प्लॅस्टिकच्या कव्हरमागे वर्षानुवर्षं तसाच फिरत असतो.

मारुती ८०० किंवा ओम्नीचं ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन डोळ्यांसमोर ठेवा. घरी पुढची, बेल्टची बाजू उघडायला यासारखं सोपं इंजिन नाही आणि दोन्ही बेल्ट त्यात शेजारी-शेजारी आहेत. बाहेरचा फॅन बेल्ट क्रँकच्या (पिस्टन फिरवतात त्या इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीवरून अल्टरनेटर आणि वॉटर पंप फिरवतो. (पंखा तो फिरवत नाही, या गाडीचा पंखा विजेवर चालतो.) कव्हरच्या आतला टायमिंग बेल्ट त्याच क्रँकवरून निघून हेडमधल्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातल्या कॅमशाफ्टला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला) फिरवतो.

घोळ जुनाच आहे. पद्मिनी आणि अॅम्बॅसेडरमध्ये टायमिंगला साखळी होती आणि ती पत्र्याच्या कव्हरमागे तेलात फिरायची, त्यामुळे त्या गाड्यांवर शिकलेल्या मिस्त्रींसाठी बेल्ट म्हणजे फॅन बेल्टच. दातेरी रबरी बेल्टने कॅम फिरवणारी पहिली मोटार जर्मनीत १९६२ मध्ये ग्लास नावाच्या मोटार कंपनीने विकायला काढली. आपल्याकडे तो बेल्ट घरोघरी पोचला डिसेंबर १९८३ नंतर, मारुतीबरोबर.

दोन्ही रबराचेच असले तरी त्यांची कामं वेगळी आहेत. फॅन बेल्ट घर्षणावर चालतो. पुलीच्या खाचेत तो घट्ट बसतो आणि ओढतो. लोड वाढला की थोडा घसरतोही, आणि घसरला तरी बिघडत नाही. अल्टरनेटर क्षणभर हळू फिरला तर बॅटरीला काय फरक पडतो? टायमिंग बेल्टला मात्र घसरायची मुभाच नाही, म्हणून त्याला दात असतात. क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमचा एक झाला पाहिजे, तोही ठरलेल्या जागेपासून सुरू होऊन. क्रँकच्या चाकाला २० दात असतील तर कॅमच्या चाकाला ४० असतात. अशा जोडीत बेल्ट एक दात चुकून बसला तर क्रँकच्या हिशोबाने तब्बल १८ अंशांचा फरक पडतो. व्हॉल्व्ह तेवढे लवकर किंवा उशिरा उघडतात, गाडी ओढत नाही, आयडलिंगला थरथरते. दोन-तीन दातांची चूक झाली तर काही इंजिनांत वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आपटतो. डिझेलमध्ये पिस्टन हेडच्या फारच जवळ येतो, तिथे हे जवळपास ठरलेलंच.

म्हणून पुढची बाजू परत जोडताना दोन बेल्टना एकच वागणूक देऊन चालत नाही. फॅन बेल्टची चूक दिसते, ऐकू येते आणि दहा मिनिटांत सुधारते. टायमिंगची चूक कव्हर लावलं की झाकली जाते आणि चावी फिरवल्यावरच कळते.

जोडणी आतून बाहेर करायची. क्रँक आणि कॅमचे ऑइल सील, वॉटर पंप आणि त्याचं नवं पॅकिंग, मग आतलं कव्हर, दातेरी चाकं आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारं छोटं चाक). सील गळत असतील तर आत्ताच बदला, कारण तेल लागलेला टायमिंग बेल्ट फुगतो आणि लवकर जातो. तेलाचा हात फॅन बेल्टला लागला तर तो फार तर घसरेल. टायमिंग बेल्ट हाताळतानाही जपावं लागतं. त्याच्या आत काचेच्या धाग्यांच्या दोऱ्या असतात. तो घडी घालून खिशात कोंबला, उलटा करून पाहिला किंवा पिळला की त्या दोऱ्या तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. फॅन बेल्ट माणसं डिकीत कसाही कोंबून ठेवतात, तो निभावतो.

आता खुणा. कॅमच्या चाकावर एक खूण, तिच्यासमोर स्थिर भागावर दुसरी. क्रँकच्या दातेरी चाकावर एक, तिच्यासमोरही एक. नेमक्या कुठे, ते त्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये बघा. शेजारच्या गाडीवरून अंदाज नको. इथे हमखास होणारी गल्लत म्हणजे बाहेरच्या क्रँक पुलीच्या कडेवरची खाच. ती इग्निशन टायमिंग तपासण्यासाठी असते. ज्या गाड्यांत ही पुली दोन कड्यांची आणि मध्ये रबर अशी असते, तिथे रबर सुटून बाहेरचं कडं सरकलेलं असू शकतं, मग खाच खोटं सांगते. बेल्ट बसवताना दातेरी चाकावरचीच खूण धरायची.

आपल्याकडे खोलण्याआधी व्हाइटनरने जुना बेल्ट आणि चाकांवर ठिपके द्यायची पद्धत आहे. सोयीची आहे, पण माझा तिच्यावर फारसा भरवसा नाही. आधीच्या माणसाने एक दात चुकवला असेल तर व्हाइटनर ती चूक इमानदारीने पुढे नेतो. ठिपके द्या, पण शेवटचा शब्द कंपनीने कोरलेल्या खुणांचा.

बेल्ट चढवताना क्रँकपासून सुरुवात करून टेन्शनर नसलेल्या बाजूने वर न्यायचा आणि ती बाजू ताणलेली ठेवायची. सगळा ढिलेपणा टेन्शनरच्या बाजूला जमला पाहिजे. बेल्टवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर तो बघा. मग स्पार्क प्लग काढून, गाडी न्यूट्रलला ठेवून, क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचं. फिरवायचं ते इंजिनाच्या स्वतःच्या दिशेने. बहुतेक इंजिनं समोरून पाहिलं तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात, पण १९९८ मध्ये आपल्याकडे आलेल्या पहिल्या होंडा सिटीचं उलट फिरतं. मध्येच कुठे कडक अडथळा लागला तर जोर लावू नका. तो व्हॉल्व्ह पिस्टनला टेकल्याचा निरोप असू शकतो. दोन फेऱ्यांनंतर चाकांवरच्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत.

नवे लोक घाबरतात ते पुढच्याच गोष्टीला. काही नव्या बेल्टवर बसवण्याच्या सोयीसाठी रंगाच्या रेघा छापलेल्या असतात, आणि दोन फेऱ्यांनंतर त्या जागेवर येत नाहीत. येणारही नाहीत. बेल्टचे दात आणि चाकाचे दात यांचा मेळ असा असतो की त्या रेघा परत जुळायला बरेच फेरे जातात. चाकांच्या खुणा जुळल्या की काम झालं.

ताणाचं तंत्रही वेगळं. फॅन बेल्टचा ताण अल्टरनेटर टॉमीने (लोखंडी दांड्याने) बाहेर ओढून देतात, दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबून बघतात आणि बोल्ट आवळतात. अनुभवी हाताला हे बरोबर जमतं. जास्त ताणला तर अल्टरनेटरचं आणि पंपाचं बेअरिंग ओरडू लागतं. टायमिंग बेल्टच्या ताणाला मात्र अंगठ्याचा अंदाज मला मान्य नाही. मारुतीसारख्या इंजिनात स्प्रिंगच ठरावीक ताण देते, तुम्ही फक्त मॅन्युअलमधल्या क्रमाने टेन्शनरचा बोल्ट आवळायचा. "जरा जास्त टाइट बरा" म्हणून पान्याने टेन्शनर दाबून धरला तर बेल्ट शिट्टीसारखा आवाज करतो आणि टेन्शनरचं बेअरिंग आधी जातं.

हे दोन बेल्ट एकमेकांत गुंततात ते क्रँकच्या मोठ्या बोल्टपाशी. फॅन बेल्टची पुली आणि आतलं दातेरी चाक पुष्कळ इंजिनांत याच एका बोल्टने दाबलेलं असतं. चाकाला चावी (चाक क्रँकवर अडकवणारा छोटा लोखंडी तुकडा) असेल तरी बोल्ट ढिला राहिला की पुली डगमगते आणि हळूहळू चावीची खाच खाते. काही इंजिनांत, उदाहरणार्थ डस्टरच्या १.६ लिटर पेट्रोलमध्ये, चाक चावीवर अडकलेलंच नसतं, निव्वळ बोल्टच्या दाबावर धरलेलं असतं. तिथे क्रँकचं टोक ग्रीस-तेल पुसून कोरडं करायचं, आणि ठरलेला टॉर्क (आवळण्याचा जोर) आणि अंश पाळणं म्हणजे चैन नव्हे, गरज आहे. हा बोल्ट आवळताना फ्लायव्हील (क्रँकच्या दुसऱ्या टोकाचं जड चाक) धरा किंवा वरचा गिअर टाकून कोणाला ब्रेक दाबून बसवा. टायमिंग बेल्टच्या भरवशावर क्रँक अडवू नका.

फॅन बेल्ट जाताना बोंब मारतो. पावसात पहिल्या स्टार्टला किंचाळतो, तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो. पॉवर स्टीअरिंगचा पंप त्याच्यावर असेल तर स्टीअरिंग जड होतं, वॉटर पंप असेल तर तापमानाचा काटा चढतो, तेव्हा गाडी बाजूला घ्यायची. टायमिंग बेल्ट बहुधा गुपचूप जातो. गाडी चालता चालता बंद पडते, स्टार्टर नेहमीपेक्षा हलका आणि वेगात फिरतो, पण इंजिन धरत नाही. पुन्हा पुन्हा चावी मारून बघण्यात अर्थ नाही, वाचलेले व्हॉल्व्हही त्यात वाकू शकतात. टायमिंग बेल्टला किलोमीटरसोबत वयाचीही मर्यादा असते, कमी चाललेली गाडी त्यातून सुटत नाही. स्विफ्टसारख्या के सिरीज इंजिनात किंवा रांजणगावला बनलेल्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेलमध्ये टायमिंगला साखळी आहे. तिथे बाहेर दिसतो तेवढाच बेल्ट, विकणाऱ्याला टायमिंग बेल्टचं बिल मागून उपयोग नाही.

गाडी विकत घेताना बघायचं असेल तर टायमिंग कव्हरचा वरचा भाग थोडे बोल्ट काढून उचला, टॉर्च मारा. बेल्टच्या पाठीवरचं छापील नाव ठळक आहे की पुसलेलं, कडेचे दोरे निघालेत का, एवढं तरी कळतं.

सगळं जोडून झाल्यावर मी टायमिंग कव्हर आणि क्रँक पुली लावतो, पण फॅन बेल्ट न चढवता इंजिन आधी काही सेकंदच सुरू करतो. पंप फिरत नसल्याने त्याहून जास्त नाही. बॅटरीचा दिवा लागतो, लागू दे. बाहेरचं काहीच फिरत नसल्यामुळे जे ऐकू येतं ते टायमिंगचंच असतं. आयडलिंग सरळ असेल तर इंजिन बंद करून फॅन बेल्ट चढवायचा. सेन्सरच्या गाडीत एखादा दात चुकला असेल तर बहुधा चेक इंजिनचा दिवा लागतो आणि स्कॅनरवर पी००१६ हा कोड येतो, म्हणजे क्रँक आणि कॅमचा मेळ चुकलाय. दात चुकला असेल तर तो कोड सेन्सर बदलून जात नाही, कव्हर पुन्हा उघडावं लागतं.

नवा फॅन बेल्ट पहिल्या काहीशे किलोमीटरांत थोडा सैल पडतो, तेव्हा अल्टरनेटर पुन्हा एकदा ओढून घ्यायचा. टायमिंग बेल्टला तेव्हा हात लावायचा नाही.