नवीन कमांड चालत नाही? फोन करायच्या आधी प्लगइन डॉट वायएमएल उघडा

आमच्याकडे माइनक्राफ्ट सर्व्हर ठेवणाऱ्या सगळ्यांसाठी.

सुट्ट्या लागल्या की एकच प्रश्न येतो, भाऊ प्लगइनमध्ये (सर्व्हरला जोडायचा छोटा प्रोग्राम) नवीन कमांड लिहिली, बिल्ड झालं, जार (बिल्डमधून निघणारी प्लगइनची फाइल) अपलोड केली, तरी 'अननोन कमांड'च येते, काहून?

बहुतेक वेळा कोड बरोबरच असतो, फक्त कमांडचं नाव प्लगइन डॉट वायएमएलमध्ये (जारमधली प्लगइनच्या माहितीची फाइल) टाकलेलं नसतं. सर्व्हरचं सॉफ्टवेअर स्पिगॉट असो की पेपर, सर्व्हर सुरू होताना ही फाइल आधी वाचतो आणि तिथं 'कमांड्स'च्या खाली नाव नसलं तर त्याच्या लेखी ती कमांड नाहीच. मग ऑनएनेबलमध्ये (प्लगइन सुरू होताना चालणारा कोड) गेटकमांडला कमांड सापडत नाही, ते नल म्हणजे रिकामं उत्तर देते, त्यावर सेटएक्झिक्युटर (कमांडला तिचा कोड जोडणारी ओळ) लावलं की नल पॉइंटर एक्सेप्शन येते आणि प्लगइन अर्धवट सुरू होते, पेपरवर तर अख्खंच बंद पडते, म्हणजे कालपर्यंत चालणाऱ्या जुन्या कमांडही जाऊ शकतात. पोरं रात्र रात्र जावा कोड उलटापालटा करतात, खूप वाईट वाटते पाहून.

नाव लिहिताना पुढे स्लॅश नको, अक्षरं स्मॉल, स्पेलिंग कोडमध्ये आहे तेच. आणि टॅब अजिबात नाही, स्पेसच द्या, वायएमएलला टॅब चालत नाही.

कमांड टाकल्यावर चॅटमध्ये तीच परत दिसते का? मग फाइल ठीक आहे, एकतर सेटएक्झिक्युटर राहिलं किंवा ऑनकमांड (कमांड आल्यावर चालणारा कोड) फॉल्स परत देतंय.

जार बदलली की सर्व्हर पूर्ण बंद करून सुरू करा, रिलोड (सर्व्हर चालू ठेवूनच प्लगइन परत वाचणं) नको, त्यानं जुने क्लास अडकून राहतात आणि भलतेच एरर येतात. आमच्या पॅनलवर रिलोडचं बटण म्हणूनच ठेवलं नाही.

आम्ही आधी लेटेस्ट डॉट लॉग (सर्व्हरच्या नोंदींची फाइल) मागतो तेव्हा काही लोकांना वाटते आम्ही टाळतो. तसं नाही, खरा एरर सर्व्हर सुरू होतानाच्या ओळीत असतो, शेवटच्या स्क्रीनशॉटमध्ये नाही, म्हणून पूर्ण फाइलच पाठवा.

नुसतं 'नियम' टाकलं की दुसरी एखादी कमांड चालावी एवढंच हवं असेल तर प्लगइन लिहूच नका, सर्व्हरच्या कमांड्स डॉट वायएमएलमध्ये एलियस (कमांडचं दुसरं नाव) टाकला की काम होते, ते आम्ही फुकट करून देतो. मोठी कमांड हवी असेल तर लिहून देऊ, सोर्स कोड तुमचाच राहील. प्रत्येक प्लॅनसोबत टेस्ट सर्व्हर आहे, नवीन जार आधी तिथं चालवा, खेळणारे लोक ताटकळत राहणार नाहीत. आणि नागपुरात बर्डीवर ऑफिसला येणार असाल तर जारसोबत सोर्सचं फोल्डरही आणा.