राष्ट्रीय ज्युनिअर बुद्धिबळ स्पर्धा आणि खानदेशचे यजमानपद : पार्श्वभूमी

ज्युनिअर किंवा त्याखालच्या वयोगटाची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा जळगाव-धुळ्याकडे भरवायची म्हटले की चर्चा लगेच सभागृह, निवास आणि जेवण यांवर येऊन ठेपते. मात्र या स्पर्धेचा आजचा पसारा, तिला लागणारे दिवस आणि तिचा खर्च कोणाच्या खिशातून जातो, या गोष्टी गेल्या सत्तर-पंचाहत्तर वर्षांत हळूहळू ठरत गेल्या आहेत. ती वाटचाल माहीत असल्याखेरीज यजमानपदाचा नीट विचार करता येत नाही.

स्वातंत्र्यापूर्वी चांगला खेळाडू आश्रयदात्याच्या बळावर उभा राही. मीर सुलतान खान यांनी १९२८ मध्ये अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि पुढे १९२९, १९३२ व १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद पटकावले, ते सर उमर हयात खान या पंजाबातील बड्या जमीनदाराच्या पदरी राहून. महाराष्ट्रात तेव्हा देशी पद्धतीचा डाव रूढ होता. त्यात प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर सरके, शेवटच्या घरात पोचलेले प्यादे कोणते मोहरे होणार हे त्या उभ्या पट्टीवरून ठरे आणि राजाला एकदा घोड्याची चाल मिळे. सांगलीत भाऊसाहेब पडसलगीकरांनी १९४१ मध्ये उभे केलेले नूतन बुद्धिबळ मंडळ हे आश्रयदात्याच्या जागी संस्था येण्याचे आपल्याकडचे ठळक उदाहरण होय.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाला आणि १९५५ मध्ये आंध्रातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा झाली. तिच्या संयुक्त विजेत्यांपैकी एक, रामचंद्र सप्रे, महाराष्ट्राचे होते, ही आपल्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. जागतिक ज्युनिअर स्पर्धाही १९५१ मध्येच बर्मिंगहॅमला सुरू झाली. २० वर्षांखालील खेळाडूंची ही स्पर्धा १९७३ पर्यंत एक वर्षाआड होई, पुढे ती दरवर्षी होऊ लागली आणि मुलींची स्वतंत्र स्पर्धा १९८२ मध्ये आली. भारतात वयोगटांच्या स्पर्धांना खरे वजन आले ते विश्वनाथन आनंद यांच्यामुळे. त्यांनी १९८३ मध्ये राष्ट्रीय सब-ज्युनिअर स्पर्धा नऊपैकी नऊ गुणांनी जिंकली आणि १९८७ मध्ये ते जागतिक ज्युनिअर विजेते झाले. त्यानंतर २००१ मध्ये कोनेरू हंपी, २००४ मध्ये पेंटाला हरिकृष्ण, २००९ मध्ये पुण्याची सौम्या स्वामिनाथन आणि २०२४ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख यांनी आपापल्या गटात हे विजेतेपद मिळवले. आपल्या मुलानेही या वाटेने जावे असे वाटणारे पालक गावोगाव तयार झाले आणि प्रवेशिकांची संख्या शेकड्यांत गेली.

एवढ्या खेळाडूंची स्पर्धा होऊ शकते ती स्विस पद्धतीमुळे. झुरिकमध्ये १८९५ साली प्रथम वापरल्या गेलेल्या या पद्धतीत प्रत्येक फेरीत समान किंवा जवळपास समान गुणांचे खेळाडू समोरासमोर येतात. तीनशे मुलांनी एकमेकांशी एकेक डाव खेळायचा तर २९९ फेऱ्या लागतील. स्विस पद्धतीत ९ किंवा ११ फेऱ्यांत निकाल लागतो. पूर्वी पंच प्रत्येक खेळाडूच्या नावाचे कार्ड ठेवून हाताने जोड्या लावत, आज ते काम संगणक करतो. वेळेचे गणित मात्र संगणकाने सुटत नाही. प्रत्येकाला ९० मिनिटे आणि खेळीमागे ३० सेकंदांची वाढ असेल, तर साठ खेळ्यांचा डाव चार तासांपर्यंत चालतो. दिवसात दोन फेऱ्या ठेवल्या तर लांबलेला डाव संपवून उठलेल्या मुलाला जेवायला आणि पाठ टेकायला जेमतेम वेळ उरतो, म्हणून भोजनगृह सभागृहाला लागून असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

राष्ट्रीय स्पर्धांचे गट ७, ९, ११, १३ वर्षांखालील असे विषम वयांचे का, असे पालक नेहमी विचारतात. या स्पर्धांतून निवडलेला खेळाडू पुढच्या वर्षीच्या जागतिक स्पर्धेत ८, १०, १२, १४ वर्षांखालील गटात खेळतो, हे त्याचे कारण. वय १ जानेवारीला मोजले जाते, त्यामुळे जन्मदाखल्यावरची तारीख येथे फार मोलाची ठरते.

गर्दी वाढण्यामागे मानांकनाचा, म्हणजे खेळाडूची ताकद दाखवणाऱ्या आकड्याचाही वाटा आहे. आंतरराष्ट्रीय मानांकनाची किमान पातळी सुरुवातीला २२०० होती. ती टप्प्याटप्प्याने १००० पर्यंत उतरली आणि मार्च २०२४ पासून १४०० झाली. पातळी उतरत गेली तशी दहा-बारा वर्षांची मुलेही मानांकनासाठी खेळू लागली. जिल्हा आणि राज्य निवडीच्या वाटेने येणाऱ्यांबरोबर जास्त शुल्क भरून थेट येणाऱ्यांसाठी विशेष प्रवेश सुरू झाला. त्यामुळे स्पर्धेचा आर्थिक डोलारा सावरला हे खरे, पण खर्चाचा मोठा भार पालकांवर गेला. माझ्या मते खानदेशने यजमानपद घेण्याचे सर्वांत सबळ कारण येथेच आहे. नवापूर, तळोदा किंवा यावलच्या मुलाला चेन्नई-भुवनेश्वरला जायचे तर सोबत आई किंवा वडील हवेतच, आणि दोघांचे तिकीट, आठवडाभराची खोली व बुडालेली मजुरी मिळून होणारा खर्च प्रवेश शुल्काच्या कितीतरी पुढे जातो.

खानदेशची बाजू या कामात लंगडी नाही. भुसावळ जंक्शनमुळे मुंबई, नागपूर, हावडा आणि सुरतेकडून येणाऱ्या कुटुंबांना रेल्वेने थेट पोचता येते. जळगावला जैन उद्योगसमूहाच्या जैन हिल्स परिसरात २०२५ मध्ये ११ वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धा झाली. खेळणे, राहणे आणि जेवणे एकाच परिसरात असल्याने लहान मुलांच्या स्पर्धेला ती जागा सोयीची पडली. संस्थानिक-जमीनदारांनंतर मंडळे आणि मंडळांनंतर उद्योगसमूह, असा आश्रयाचा प्रवास येथे दिसतो. धुळे आणि नंदुरबारकडे तसा उद्योगसमूह पाठीशी नसेल, तर महाविद्यालयाचे सभागृह, वसतिगृह आणि जिल्हा संघटनेचे कार्यकर्ते यांची मोट आधीपासून बांधावी लागेल. तारखा ठरवताना एप्रिल-मे टाळलेले बरे. शाळांना तेव्हा सुटी असली तरी पारा ४५ अंशांच्या घरात जातो, आणि वीज गेलेल्या सभागृहात अकरा वर्षांच्या मुलाकडून चार तासांचा डाव अपेक्षिणे अन्यायाचे होईल. जेवणात शेवभाजी आणि वांग्याचे भरीत पाहुण्यांना आवर्जून वाढावे, मात्र केरळ-तमिळनाडूच्या मुलांसाठी रोज दहीभात आणि कमी तिखटाची एक भाजी वेगळी ठेवावी, कारण पोट बिघडलेल्या मुलाची फेरी पुन्हा खेळवली जात नाही.