तौलनिक वाचन : आशयसूत्र आणि शैली

दोन किंवा अधिक साहित्यकृती शेजारी ठेवून त्या काय सुचवतात आणि ते कसे सुचवतात, याचा एकत्र विचार करण्याची समीक्षापद्धती. तौलनिक साहित्याभ्यास या मोठ्या ज्ञानशाखेचा हा एक भाग. मुंबई विद्यापीठातील गुरुदेव टागोर अध्यासनामुळे या शाखेला मराठी वर्तुळात ओळख मिळाली; कवी वसंत बापट या अध्यासनाचे प्राध्यापक होते. ठाणे आणि नवी मुंबईतील बहुतेक कला महाविद्यालये याच विद्यापीठाशी संलग्न असल्याने मराठीच्या विद्यार्थ्याची या पद्धतीशी पहिली गाठ प्रकल्पाच्या किंवा प्रश्नपत्रिकेच्या निमित्ताने पडते. बहुतेक गोंधळही तिथेच सुरू होतो.

गोंधळाचे मूळ विषय आणि आशयसूत्र एकच समजण्यात आहे. ‘गरिबीशी झुंजणारी आई’ हा विषय झाला. तो शेकडो कादंबऱ्यांना लागू पडेल. आशयसूत्र हे विधान असते, त्यावर वाद घालता येतो. ‘मुलांच्या शिक्षणासाठी सर्वस्व पणाला लावणाऱ्या बाईला त्या शिक्षणाने बदललेल्या घरात स्वतःची जागा उरत नाही’ असे वाक्य लिहिले, की ते एका कृतीत कुठे खरे ठरते आणि दुसरीत कुठे अडते हे तपासता येते. क्रियापदाविना लिहिलेले आशयसूत्र जवळपास नेहमी विषयच निघते.

कृतींची जोडी निवडताना एक बाजू समान आणि एक वेगळी असावी. उद्धव शेळके यांची ‘धग’ (1960) आणि श्री. ना. पेंडसे यांची ‘रथचक्र’ (1962) ही जोडी या दृष्टीने उत्तम. काळ जवळचा, दोन्हींच्या केंद्रस्थानी संसार एकहाती ओढणारी बाई. प्रदेश, घराची घडण आणि भाषा मात्र भिन्न. ‘धग’मधील कौतिक वऱ्हाडातल्या गरीब शिंपी कुटुंबातली, तर ‘रथचक्र’मधील नायिका कोकणातल्या एकत्र कुटुंबातली. कौतिकला नाव आहे, पेंडशांची नायिका निनावीच राहते. या एका निवडीतून शैली आणि आशय कसे जोडले जातात ते दिसते. नाव नसलेली बाई घरातल्या नात्यांमधूनच ओळखली जाते, म्हणून घर सोडण्याचा तिचा निर्णय वाचकाला अधिक जड वाटतो. असा एक दुवा नीट उलगडून दाखवणे हे दोन्ही कथानकांचा चार पानी सारांश देण्यापेक्षा केव्हाही मोलाचे. परीक्षकालाही तेच हवे असते, पण प्रश्नात ते स्पष्ट लिहिलेले नसते.

शैलीबद्दल बोलताना ‘ओघवती’, ‘चित्रमय’, ‘प्रभावी’ ही विशेषणे टाळावीत; ती कोणत्याही लेखकाला बसतात. त्याऐवजी प्रत्येक कृतीतून सुरुवातीचा, मधला आणि शेवटचा असे सुमारे 500 शब्दांचे तीन उतारे घ्यावेत. वाक्यांची सरासरी लांबी, संवादाचे प्रमाण, निवेदक प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, तो पात्राच्या मनात किती शिरतो, प्रतिमा कोणत्या क्षेत्रातून येतात (शेत, देवघर, यंत्र), एवढे नोंदले तरी तक्ता पुरेसा भरतो. तक्ता टिपणवहीतच ठेवायचा. आकडे स्वतःहून काही सांगत नाहीत. वाक्ये आखूड होतात ती कोणत्या प्रसंगी, हा खरा प्रश्न. एकच उतारा घेतला, तर भांडणाच्या प्रसंगातली तुटक वाक्ये साऱ्या कादंबरीची शैली ठरण्याचा धोका असतो.

बोलीच्या बाबतीत विशेष जपावे लागते. ‘धग’मध्ये निवेदन प्रमाण मराठीकडे झुकणारे आणि संवाद वऱ्हाडीत आहेत. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो (डोळा–डोया). ठाणे-नवी मुंबईतल्या वाचकाच्या कानाला सवय असते ती आगरी बोलीची. तिथे ‘ळ’चा ‘ल’ आणि पुष्कळदा ‘ड’चा ‘र’ होतो. ही त्या त्या बोलीची वैशिष्ट्ये. लेखकाची शैली म्हणून ती मोजू नयेत. लेखकाची निवड दिसते ती बोली कुठे येते आणि कुठे थांबते यात: निवेदन आणि संवाद यांच्यातले अंतर तो किती ठेवतो, एखाद्या क्षणी ते पुसतो का? ‘ग्रामीण बोलीमुळे जिवंतपणा आला’ या वाक्यावर थांबलेले विवेचन अर्धवटच असते.

कवितेत तुलनेचा पाया छंदापासून घालता येतो. मोठ्या अभंगाच्या चौकात (चार चरणांच्या कडव्यात) 6, 6, 6, 4 अशी अक्षरे आणि दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक असते. तुकारामांच्या ‘सुंदर तें ध्यान । उभे विटेवरी । कर कटावरी । ठेवोनियां’ यात ते बोटावर मोजता येते. जोडाक्षर एकच धरायचे. मात्रा मोजू लागले की हिशेब चुकतो. बा. सी. मर्ढेकरांनी ‘काही कविता’ (1947) मध्ये अभंग-ओवीचे वळण यंत्रयुगीन महानगराच्या अनुभवासाठी वापरले. कानाला भक्तीची लय ओळखीची वाटते आणि समोर शहराची घुसमट येते. छंद तोच असल्यामुळे आशयातला फरक इथे जास्त टोकदार होतो.

साधनांच्या बाबतीत ठाणेकरांची सोय जुनी आहे. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने ठाण्यात 1893 मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. तिथे किंवा कुठल्याही ग्रंथालयात पहिले काम आवृत्ती तपासण्याचे. संतकाव्यात तर गाथेगणिक अभंगाचा क्रमांक आणि पाठही बदलतो, म्हणून नुसता क्रमांक देणे निरुपयोगी. गाथेचे नाव आणि संपादक सोबत लिहावेत. कृती अनुवादित असेल, तर वाक्यरचना आणि शब्दनिवड यांवरची विधाने अनुवादकाला लागू होतात. तिथे तुलना निवेदनपद्धती, कालक्रम आणि आशयसूत्र यांपुरती ठेवावी.

लेखनाची मांडणी ‘आधी पहिली कृती, मग दुसरी’ अशी केली, की दोन वेगळे निबंध तयार होतात आणि ‘साम्य-भेद’ शेवटच्या परिच्छेदात कोंबले जातात. मुद्द्यागणिक दोन्ही कृती एकत्र घेणे अवघड, कारण प्रत्येक परिच्छेदात दोन्हीकडचा पुरावा लागतो. मात्र कच्चा मुद्दा त्याच परिच्छेदात उघडा पडतो: एका कृतीतून अवतरण मिळते, दुसरीतून मिळत नाही. अशा वेळी मुद्दा वगळावा किंवा ती अनुपस्थिती हाच फरक म्हणून मांडावी.