लोअरिंग स्प्रिंग आणि कॉइलओव्हर: फट सारखी, शॉक वेगळा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात एखाद्या गॅरेजपुढं खाली बसवलेली पोलो जीटी किंवा ऑक्टाव्हिया उभी राहिली की बघे जमतात आणि प्रश्न ठरलेला असतो, "भावा, कॉइलओव्हर हाय का नुसत्या स्प्रिंगा?" नुसतं बघून सांगता येत नाही. टायर आणि मडगार्ड यांच्यातली फट दोन्हींनी सारखीच कमी होते. किमतीत मात्र कैक पटींचा फरक, त्यामुळे "दिसायला तेच, मग जास्तीचे पैसे कशाला?" हा पुढचा प्रश्नही रास्तच आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसती गाडी खाली आणायची म्हणून कॉइलओव्हर घेणं म्हणजे उधळपट्टी. कॉइलओव्हरमध्ये जास्तीचा पैसा जातो तो शॉकवर, म्हणजे शॉक अ‍ॅब्झॉर्बरवर. तो शॉक चांगला नसेल, तर आटे पाडलेली नळी आणि रंगीत स्प्रिंग एवढंच तुमच्या हाती लागतं.

स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि शॉक त्या स्प्रिंगला आवरतो. लोअरिंग स्प्रिंग टाकली की कंपनीचा शॉक जागेवरच राहतो, फक्त स्प्रिंग बदलते. नवी स्प्रिंग थोडी आखूड आणि थोडी कडक असते. चांगल्या कंपनीची असेल तर गाडी साधारण २५ ते ३५ मिलिमीटर खाली येते. ही उंची कारखान्यात ठरलेली असते, नंतर हलवता येत नाही. कॉइलओव्हरमध्ये शॉक आणि स्प्रिंग ही जोडीच नवी येते. शॉकच्या अंगावर बाहेरून आटे असतात, त्यांवर स्प्रिंगची बैठक वर-खाली फिरते आणि तिच्याखाली चेकनट कसलेला असतो. स्प्रिंग शॉकभोवती गुंडाळलेली असणं यात नवं काही नाही. अशीच रचना असलेला मॅकफर्सन स्ट्रट १९५० च्या फोर्ड कॉन्सुलमध्ये आला, आणि आज रस्त्यावरच्या बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांना तशीच रचना असते. वेगळेपण आहे ते फिरणाऱ्या बैठकीत आणि त्या स्प्रिंगसाठीच जुळवलेल्या शॉकमध्ये.

आता नुसत्या स्प्रिंगांचं दुखणं. गाडी ३० मिलिमीटर खाली आली म्हणजे शॉकचा दांडा उभ्या गाडीतच ३० मिलिमीटर जास्त आत गेला. खड्ड्यात आणखी आत जायला तेवढी जागा कमी उरली. ती संपली की दांड्यावरचा फोमचा बंप स्टॉप दाबला जातो. सरळ रस्त्यावर याचा फक्त धक्का बसतो आणि आपण रस्त्याला शिव्या घालतो. पण गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना, ब्रेक मारत वळणात शिरलं की बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक आधीच दाबलेलं असतं. त्यात एक खाचखळगा आला तर त्या कोपऱ्याचा कडकपणा एकाएकी वाढतो आणि टायरची पकड नेमकी तिथंच सुटते. दुसरी गोष्ट, स्प्रिंग कडक झाली की ती उसळून परत येते तीही जास्त जोरानं. कंपनीचा शॉक मूळच्या नरम स्प्रिंगच्या हिशेबानं भरलेला असतो. तो नवा असेल तर निभावतो. साठ-सत्तर हजार किलोमीटर पळालेल्या शॉकवर नव्या स्प्रिंगा टाकल्या की गाडी खाली तर येते, पण बंगळूर हायवेवर पुलाच्या सांध्यावरून गेली की दोन-तीनदा डुलत राहते.

यावर मधला मार्ग आहे आणि त्याबद्दल बोललं कमी जातं. आखूड स्प्रिंगसाठीच बनवलेले शॉक मिळतात. बिल्स्टीनचा बी-६ मूळ उंचीसाठी, बी-८ त्याचाच आखूड भाऊ, आणि बी-१२ म्हणजे बी-८ शॉक अधिक आयबाखच्या स्प्रिंगा, एका खोक्यात जुळवलेल्या. उंची हलवता येत नाही, शॉकचा जोर कमी-जास्त करायला क्लिक-क्लिक फिरणारं बटण नाही, दाखवायला काही नाही. रोज ताराराणी चौकातून ऑफिसला जाणाऱ्या आणि महिन्यातून एखाद्या रविवारी आंबा घाट गाठणाऱ्या माणसाला मी डोळे झाकून हेच सांगतो.

स्प्रिंग कापून घेणाऱ्यांसाठी दोनच वाक्यं. सहा कामाच्या वेढ्यांतला एक कापला तर स्प्रिंग २० टक्के कडक होते हे खरं, पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि गॅस कटरनं तापवलेल्या भागाचं पाणी उतरतं ते वेगळंच. चाक हवेत लटकलं की अशी स्प्रिंग जागा सोडते.

कॉइलओव्हरकडे वळलं की गोंधळ आणखी वाढतो, कारण इथं फिरवायच्या जागा अनेक आणि प्रत्येकीबद्दल समज निराळा. उंची बदलायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत स्प्रिंगची बैठक आट्यांवरून खाली न्यायची. यात गाडी खाली येते आणि शॉकचा आत जायचा प्रवासही कमी होतो, म्हणजे लोअरिंग स्प्रिंगचंच दुखणं थोडं सौम्य होऊन परत येतं. दुसरीत शॉकचा खालचा ब्रॅकेटसुद्धा आट्यांवर फिरतो. बैठक न हलवता पूर्ण नळीच आखूड करता येते, त्यामुळे गाडी खाली येऊनही दांड्याचा प्रवास तेवढाच राहतो. अर्थात तेव्हा टायर आतल्या लायनरला कुठं टेकतोय ते स्वतः बघावं लागतं, कारण बंप स्टॉप आता त्याला वेळेत अडवत नाही.

"बैठक वर घेऊन स्प्रिंग दाबून टाकली, आता कडक झाली बघ" हे तर सर्रास ऐकू येतं. सगळे वेढे सारखे असलेल्या स्प्रिंगचा कडकपणा दाबून बदलत नाही. समजा एका पुढच्या चाकावर ३०० किलो भार आहे आणि स्प्रिंग मिलिमीटरला ३० न्यूटनची. उभ्या गाडीत ती साधारण ९८ मिलिमीटर दबलेली असते. बसवतानाच तुम्ही ती १० मिलिमीटर दाबली, तर गाडी तेवढी वर उभी राहील, बस. पुढचा प्रत्येक मिलिमीटर ३० न्यूटनच मागणार.

याच आकड्यांवरून गाडी कशी वाटेल याचाही अंदाज येतो. ३०० किलोवर २२ न्यूटनची स्प्रिंग असेल तर तो कोपरा सेकंदाला साधारण १.३५ वेळा डोलतो, ही घरगुती गाडीची चाल. २० टक्के कडक लोअरिंग स्प्रिंगनं तो आकडा १.५ च्या आसपास जातो, स्पोर्टी पण सुसह्य. ६ किलोची, म्हणजे मिलिमीटरला जवळजवळ ६० न्यूटनची कॉइलओव्हर स्प्रिंग टाकली की २.२५. ही ट्रॅकची चाल झाली, राधानगरी रस्त्याची नव्हे. हा हिशेब मॅकफर्सन स्ट्रटला जवळपास थेट लागू पडतो, कारण तिथं चाक जेवढं हलतं साधारण तेवढीच स्प्रिंग हलते. चाक वर-खाली दोन आर्मनी धरणाऱ्या डबल विशबोनमध्ये चाकाच्या १० मिलिमीटरला स्प्रिंग ७ मिलिमीटरच हलत असेल, तर चाकाला जाणवणारा कडकपणा निम्म्यावर येतो. म्हणून मित्राच्या गाडीतला 'इतक्या किलोची स्प्रिंग' हा आकडा आपल्या गाडीला तसाच लावू नये.

मग क्लिक. बाजारात ३२ क्लिकचे कॉइलओव्हर स्वस्तात मिळतात आणि १० क्लिकवाले महाग, हे पाहून भलेभले चक्रावतात. क्लिकची संख्या काहीच सांगत नाही. दोन क्लिकमध्ये शॉकचा जोर किती बदलतो आणि चारही शॉक एका क्लिकवर सारखे वागतात का, हे डायनोच्या, म्हणजे शॉकचा जोर मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखावर कळतं. विकणारा तो आलेख दाखवत नसेल तर त्या ३२ पैकी पहिले २० रिकामे फिरत असण्याची तयारी ठेवा. एकच बटण असेल तर ते बहुधा उसळीवर, म्हणजे दांडा बाहेर येतानाच्या विरोधावर जास्त चालतं. केडब्ल्यूच्या मालिकेत ही पायरी स्पष्ट दिसते. व्हेरियंट १ मध्ये फक्त उंची, २ मध्ये उंची आणि उसळी, ३ मध्ये दाबही, म्हणजे दांडा आत जातानाचा विरोधही, वेगळा. ओह्लिन्सच्या रोड अँड ट्रॅकमध्ये खड्ड्याच्या झटक्याला तेल दोन्ही दिशांनी पटकन वाट काढू शकेल अशी झडप आहे, आणि आपल्या रस्त्यांवर ती पैसे वसूल करते. बिल्स्टीन बी-१४ ला तर क्लिकच नाहीत, फक्त उंची बदलते. तरीही बिननावाच्या ३२ क्लिकपेक्षा मी बी-१४ घेईन.

जाहिरातीतल्या फोटोत चार सारखे कॉइलओव्हर दिसतात, पण पोलोच्या मागच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉक मुळातच वेगवेगळ्या जागी असतात. ऑक्टाव्हिया आणि बीएमडब्ल्यू थ्री सीरीजचंही तसंच. तिथं 'कॉइलओव्हर किट'मध्ये मागं फक्त उंची बदलणारी बैठक, वेगळी स्प्रिंग आणि वेगळा शॉक येतो. हे योग्यच आहे. मागच्या शॉकवरच स्प्रिंग चढवून देतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा, कारण बॉडीतला शॉकचा माउंट गाडीचं वजन पेलण्यासाठी केलेला नसतो.

किती खाली जायचं, याचं उत्तर शेवटी आपले गतिरोधकच देतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद, १० सेंटिमीटर उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा हवा. २.६ मीटर व्हीलबेसची गाडी त्यावर मधोमध आली तर चारही चाकं उतारावरच असतात, आणि पोटाखालची जागा फक्त ५ सेंटिमीटर कमी होते. पण गल्लीच्या तोंडाशी रात्रीत उगवणारा डांबराचा ढीग मीटरभर रुंद असतो. त्यावर चाकं पुढं-मागं सपाट रस्त्यावर आणि ढीग बरोबर चेंबरखाली, म्हणजे इंजिनच्या तेलाच्या भांड्याखाली, म्हणजे पूर्ण १० सेंटिमीटर गेले. वर ऊस हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेला आणि वाळून दगड झालेला चिखल. चेंबर फुटला की बिल येतं ते सस्पेन्शनच्या हिशेबात कुणीच धरलेलं नसतं.

फार खाली गेल्यानं वळणातही उलटंच होतं. स्ट्रट असलेल्या गाडीत चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा आर्म आडव्या रेषेच्या पलीकडे गेला, की गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरतो. मग कलायचं बळ कमी व्हायच्या ऐवजी वाढतं, आणि ते झाकायला आणखी कडक स्प्रिंग लागते. २५-३० मिलिमीटरवर थांबणं हा भित्रेपणा नव्हे.

बसवताना एक चूक बऱ्याच ठिकाणी होते. लिफ्टवर चाकं लटकलेली असताना आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट पूर्ण कसले जातात. गाडी खाली ठेवली की ते बुश कायमचे पिळलेले राहतात, लवकर फाटतात आणि गाडी उगाच कडक वाटते. गाडी स्वतःच्या चाकांवर उभी करून मगच शेवटचा टॉर्क द्यायला सांगा. कॉइलओव्हर असेल तर पावसाळ्याआधी आटे ब्रशनं साफ करून अँटी-सीज, म्हणजे आटे जाम होऊ न देणारं वंगण लावा. आपल्या पावसात दोन मोसम दुर्लक्षित राहिलेली बैठक पान्यानं हलत नाही, मग लाखभराचा कॉइलओव्हर एकाच उंचीची लोअरिंग स्प्रिंग बनून बसतो. आणि विमा कंपनीला बदल लेखी कळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील मूळ उत्पादकाच्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल चालत नाही, तेव्हा आरटीओत आधी विचारलेलं बरं.

मग कॉइलओव्हर घ्यावा कुणी? ज्याला कोइंबतूरचा कारी स्पीडवे किंवा चेन्नईजवळचा ट्रॅक वर्षातून काही वेळा खरोखर गाठायचा आहे त्यानं. तिथं टायर बदलले की उसळी बदलावी लागते, आणि चारही चाकांखाली काटे ठेवून उंचीच्या नटांनी तिरप्या जोड्यांचं वजन जुळवता येतं. हे काम दुसऱ्या कशानं होत नाही. कोल्हापूरला रेसिंगचा नाद जुना, मोहित्यांच्या ट्रॅकवर पोरं कार्टिंग करत वाढतात. त्या कार्टला ना स्प्रिंग ना शॉक, चेसिसच वाकून ते काम करते. तिथून आलेला मुलगा कडक गाडीची तक्रार करत नाही. घरच्यांचं मात्र तसं नसतं.

बीएमडब्ल्यू एम-टू किंवा पोर्श केमनसारखी गाडी असेल तर स्वस्त कॉइलओव्हर मुळीच नको. कंपनीनं त्या शॉकवर जेवढं काम केलेलं असतं ते घालवून तुम्ही खालच्या दर्जाचं काहीतरी बसवाल. चांगला घ्या, नाहीतर मूळ शॉक राहू द्या आणि त्याच गाडीसाठी बनवलेल्या स्प्रिंगांवर भागवा.

जुना सेट घेत असाल तर दांडा पूर्ण बाहेर काढून बघा. त्यावर तेलाची ओल नको, क्रोम उडालेला नको, आणि हातानं फिरवताना कुठं वाकल्यासारखा अडकायला नको. नवा असो वा जुना, बसवल्यावर स्प्रिंगा थोड्या बसतात, म्हणून काहीशे किलोमीटरनंतर चारही कोपऱ्यांची उंची पुन्हा मोजा. अलाइनमेंट त्यानंतर, आणि नट परत हलवला की अलाइनमेंटही परत.