मराठवाड्याच्या कोरड्या हवेत वाळलेला सर्फबोर्ड

जुना सर्फबोर्ड समोर आला की बहुतेकांची नजर आधी त्याच्या पिवळेपणावर जाते, मग पोच्यांवर आणि तड्यांवर. माझं म्हणणं, आधी त्याचं वजन करा. छत्रपती संभाजीनगरात समुद्र नसला तरी भंगारवाल्याकडे मोठा काटा असतो, आणि सेकंडहँड बोर्डाची खरी प्रकृती त्याच्यावरच कळते. माझ्याकडचा नऊ फुटी बोर्ड गोव्याहून ट्रॅव्हल्सच्या टपावरून आला. घडण सत्तरच्या दशकातली: शेपटाशी पाण्यात दिशा धरणारं एकच मोठं पातं (फिन), मधोमध लाकडाची उभी पट्टी, वर जाड काचकापड, म्हणजे फायबरग्लास. एकट्याने उचलताना तो अंगावर यायचा. त्यातलं बरंचसं वजन पाण्याचं होतं.

हवाई बेटांवरचे जुने बोर्ड अखंड लाकडाचे असत. दुसऱ्या महायुद्धानंतर हलकं बाल्सा लाकूड आणि त्यावर फायबरग्लास अशी पद्धत आली. मग १९५८ च्या सुमारास कॅलिफोर्नियात होबी आल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी बाल्साच्या जागी पॉलियुरेथेन फोम आणला, आणि पुढची कित्येक दशकं तीच रीत जगभर चालली. म्हणून आज ‘व्हिंटेज’ म्हणून विकला जाणारा बोर्ड बहुतेक वेळा आतून फोम आणि बाहेरून पॉलिएस्टर रेझिनमध्ये (घट्ट होऊन कडक बनणाऱ्या चिकट द्रवात) भिजवलेलं काचकापड असाच असतो.

या रचनेतली गंमत मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला सोपी आहे. ज्वारीचं ताट मोडून बघा: बाहेर कडक साल, आत भुसभुशीत गाभा. गाभ्यात स्वतःचं बळ फारसं नाही, पण तो सालीला जागेवर धरून ठेवतो, म्हणून ताट वाऱ्यात वाकतं पण चेपत नाही. बोर्डावर माणूस उभा राहिला की एका बाजूच्या कातडीवर, म्हणजे काचकापडाच्या थरावर, दाब येतो, दुसऱ्या बाजूची ताणली जाते, आणि फोम त्या दोघींमधलं अंतर राखतो. फोम घनमीटरला जेमतेम ५० किलोच्या आसपास, म्हणजे पाण्याच्या विसाव्या हिश्शाइतका. कातडी फोमपासून सुटली की दाबाखाली ती फुगून मोडते. म्हणूनच तडा दिसायला कितीही वाईट असला तरी मला त्याची भीती वाटत नाही. सुटलेल्या कातडीची वाटते, कारण ती दिसत नाही.

ती ऐकू मात्र येते. वाळूजच्या रस्त्यावर फायबरच्या टाक्या आणि दरवाजे करणारे एक चाचा आहेत. त्यांनी आयुष्यात सर्फबोर्ड पाहिलेला नव्हता. खिशातलं नाणं काढून ते नाकापासून शेपटापर्यंत ठोकत गेले. टक, टक, टक, आणि पात्यापासून वीतभर अंतरावर एकदम भद्द. तिथे त्यांनी खडूने गोल केला आणि म्हणाले, “भाऊ, इथं पोकळ झालंय. अन्‌ आत पाणी हाय. सुकल्याबिगर रेझिन लावू नका, धरणारच नाही.”

पाणी इतकं हट्टाने का बसतं? फोमच्या बहुतेक पेशी बंद असतात, पण आपटून चेपलेल्या आणि फाटलेल्या पेशींमधून पाणी आत झिरपतं आणि बाहेर यायला वाट अरुंद राहते. त्यात ते समुद्राचं पाणी, लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असलेलं. पाणी थोडं उडालं तरी मीठ मागे राहतं, आणि मीठ हवेतला ओलावा ओढतं. सापेक्ष आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ हवेतूनच पाणी घेऊन विरघळू लागतं. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ते यामुळेच. समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, त्याची मर्यादा तर ३३ टक्क्यांच्या आसपास. किनाऱ्यावर रात्री-पहाटे आणि सबंध पावसाळाभर हवा इतकी दमट असते की दिवसा उडालेलं पाणी रात्री काही अंशी परत येतं. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी हीच आर्द्रता बऱ्याचदा ३० टक्क्यांच्या खाली उतरते. ज्या हवेने आपले ओठ फुटतात, विहिरी आटतात, तीच हवा खारट फोम मुळापासून वाळवते. या एका कामात आपण किनाऱ्याच्या पुढे आहोत, आणि हे सांगताना मला मनापासून आनंद होतो.

रीत अशी. तड्याभोवतीचं मेलेलं काचकापड कापून फोम उघडा करा. आतलं मीठ जमेल तेवढं गोड्या पाण्याने धुवून काढा. बोअरचं जड पाणी नको, फिल्टरचं घ्या. मग उघडी जागा खाली येईल असा बोर्ड उभा करून सावलीत, वारा खेळेल तिथे ठेवा. दर आठवड्याला वजन लिहा. ते उतरायचं थांबलं की समजा वाळला. घाई इथेच नडते, कारण ओल्या फोमवर रेझिन नीट पकडत नाही आणि आत कोंडलेलं पाणी पुढच्या उन्हाळ्यात कातडी पुन्हा उचलतं.

‘सावलीत’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपलं ऊन आणि पत्र्याची खोली, दोन्ही बोर्डाचे वैरी. बंद पेशीतला वायू २७ अंशांवरून ६७ अंशांवर गेला तर त्याचा दाब सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो, त्यात ओलावा असेल तर वाफेचा दाब वेगळाच, आणि त्याच वेळी रेझिन मऊ पडतं. कातडी सुटायला याहून सोयीची परिस्थिती नाही. हवा कोरडी हवी, गरम नव्हे.

रेझिन उघडण्याआधी गाभा कसला आहे याची खात्री करा. नवे काही बोर्ड थर्माकोलचे असतात. पॉलिएस्टर रेझिनमधलं स्टायरीन थर्माकोल विरघळवून टाकतं, तिथे इपॉक्सी हे दुसऱ्या जातीचं रेझिनच लागतं. जुन्या पॉलियुरेथेनच्या रेणूंची जाळी एकमेकांत बांधलेली असल्याने ती टिकते.

आपल्याकडे दुकानात रेझिन, ते घट्ट होण्याचा वेग वाढवणारा जांभळा कोबाल्ट आणि ते घट्ट करणारा, पाण्यासारखा दिसणारा हार्डनर असे तीन डबे वेगवेगळे मिळतात. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका. हार्डनर हा परॉक्साइड असतो, कोबाल्टच्या सहवासात तो स्फोटक वेगाने फुटतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोटायचा, मग वजनाच्या एक ते दोन टक्के हार्डनर. हार्डनरचा थेंब डोळ्यात गेला तर दृष्टी जाऊ शकते, म्हणून संरक्षक चष्मा घातल्याशिवाय झाकण उघडू नये. वासापासून बचावाला सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क लागतो, रुमालाने काही होत नाही.

हार्डनरमधून सुटलेले मुक्त मूलक (जोडीदार शोधणारे रेणूंचे तुकडे) रेझिनच्या साखळ्या एकमेकींना जोडत जातात आणि या जोडणीत उष्णता निघते. पातळ थरातली उष्णता उडून जाते, जाड थरात ती साठते, अभिक्रिया आणखी वेग घेते आणि रेझिन तडकतं. कपात उरलेलं रेझिन हातात धरवत नाही इतकं तापून धुरावतं ते याचमुळे. मेमध्ये हार्डनर एक टक्क्याच्या खाली नेण्याचा मोह होतो. तो टाळा, रेझिन कच्चं राहील. त्यापेक्षा पहाटे पाचला काम करा आणि खड्डा थोडा थोडा भरा. भरायला गाडीच्या पत्र्याला लावतात ती लांबी (पुट्टी) नको, ती जड आणि ठिसूळ. काचेच्या पोकळ सूक्ष्म गोळ्यांची भुकटी रेझिनमध्ये घातली की फोमच्या जवळ जाणारा हलका भराव होतो. त्यावर काचकापडाचे दोन तुकडे, वरचा खालच्यापेक्षा मोठा.

हवेतला ऑक्सिजन त्या मूलकांना पकडून मंद करतो, म्हणून वरचा पृष्ठभाग चिकट राहतो. कापडाच्या थरांसाठी हे चांगलंच, पुढचा थर त्याला घट्ट धरतो. शेवटच्या थरात मात्र थोडं पॅराफिन मेण विरघळवलेलं असतं. रेझिन घट्ट होताना मेण वर तरंगून येतं, हवा अडवतं, आणि मग पॉलिश पेपर लावता येतो.

पिवळेपणाला हात लावू नका. तो फोम आणि रेझिन या दोघांवर अतिनील किरणांनी पडलेला डाग आहे. वरचा रंग घासून निघत नाही, फक्त काचकापड झिजतं आणि बोर्डाची ताकद जाते.

लाटांसाठी तारकर्ली किंवा कर्नाटकातलं मुल्की गाठायचं तर पाऊस ओसरल्यावर, आणि तेही रात्रीच्या गाडीने. काळं प्लास्टिक टाळून पांढऱ्या चादरीत गुंडाळा, नाहीतर टपावरच्या एका दुपारीच कातडी पुन्हा सुटेल. पायाला पकड यावी म्हणून लावायचं मेण उष्ण पाण्यासाठीचं, जरा कडक जातीचं घ्या आणि किनाऱ्यावर पोचल्यावर सावलीत लावा. इथूनच लावून नेलं तर अहिल्यानगर येईस्तोवर ते चादरीत उतरलेलं असेल.