‘संजय गांधी’ वेगळं, ग्रामपंचायतीचा ५ टक्के वेगळा

राजापूर, देवगड, गुहागर या पट्ट्यातल्या एखाद्या गावात दिव्यांग माणसाला विचारा, “५ टक्के मिळाला का?” बऱ्याचदा उत्तर येतं, “मिळतो की, महिन्याला बँकेत जमा होतो.” इथेच घोटाळा होतो. महिन्याला बँकेत येतात ते संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे पैसे. दिव्यांगांसाठीचा ५ टक्के निधी ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून येतो आणि मागितल्याशिवाय तो सहसा कुणापर्यंत पोचत नाही.

हाच घोटाळा उलट्या बाजूनेही होतो. अर्ज घेऊन गेलेल्याला ग्रामपंचायतीत सांगतात, “तुम्हाला संजय गांधी चालू आहे ना, मग हे कशाला?” हे चुकीचं आहे. एक पैसा राज्याचा, तहसीलमार्फत येणारा. दुसरा गावाचा. एक मिळतो म्हणून दुसरा बंद होत नाही.

आधी संजय गांधी. योजना १९८० पासूनची. दिव्यांगत्व किमान ४० टक्के, वय १८ ते ६५, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत आणि महाराष्ट्रात किमान १५ वर्षं वास्तव्य, या मुख्य अटी. वास्तव्याची अट गावातली नाही, महाराष्ट्रातली आहे. आयुष्य परळ-लालबागला काढून गावी परतलेल्या माणसाला मुंबईचे पुरावे चालतात, हे त्याला कुणी सांगत नाही. अर्ज तहसील कार्यालयात जातो आणि निर्णयही तिथेच होतो. सरपंचाची किंवा ग्रामसेवकाची त्यात सही करण्याची सत्ता नाही, म्हणून ‘पंचायतीने माझं अनुदान अडवलं’ ही तक्रार बहुतेकदा चुकीच्या दारात जाते.

ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांसाठी ही रक्कम महिना १,५०० वरून २,५०० झाली. पासबुकात अजून १,५०० च दिसत असतील, तर तहसीलच्या यादीत आपली नोंद कुठल्या गटात आहे ते बघा. विधवा किंवा निराधार म्हणून नाव असेल, किंवा यूडीआयडी (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) क्रमांक भरलेला नसेल, तर वाढ लागत नाही. यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स देऊन पोच घ्यायची.

पैसे अचानक थांबले तर कारण बहुधा दोनांपैकी एक असतं. पहिलं, हयातीचा दाखला. तो दर वर्षी जानेवारी ते मार्चमध्ये द्यावा लागतो. दुसरं कारण जास्त फसवं आहे. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत, आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. मोबाईलच्या दुकानात सिमकार्ड घेताना ‘अंगठा लावा’ म्हणून एखादं पेमेंट बँकेचं खातं उघडलं गेलेलं असतं, आणि अनुदान तिथे साठत राहतं. इकडे जिल्हा बँकेच्या खिडकीवर माणूस हेलपाटे घालतो आणि तिथले लोक सांगतात, “तुमचं केवायसी झालंय.” केवायसी झालं म्हणजे आधार सीडिंग, म्हणजे अनुदानासाठी खातं आधारशी जोडणं, झालं असं नाही. आधारच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग स्टेटस’ उघडलं की कोणती बँक जोडलेली आहे ते दिसतं. बदलायचं असेल तर हव्या त्या बँकेत सीडिंगचा वेगळा फॉर्म भरायचा.

आता ५ टक्के. ग्रामपंचायतीने आपल्या स्वउत्पन्नातला ५ टक्के भाग दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. पूर्वी हे प्रमाण ३ टक्के होतं, २०१८ पासून ५ झालं. स्वउत्पन्न म्हणजे घरपट्टी, गाळ्यांचं भाडं, बाजारकर, मोबाईल टॉवरचा कर. वित्त आयोगाचा निधी यात धरत नाहीत. म्हणून किनाऱ्यावरच्या गावांत मोठा फरक पडतो. यात्रेकरूंचं किंवा पर्यटनाचं गाव असेल तर रक्कम बरी असते. जिथे निम्म्या घरांना कुलूप आहे आणि चाकरमान्यांची घरपट्टी गणपतीत किंवा शिमग्यात आली तरच येते, तिथे ती फार थोडी.

हिशेब करून बघा. स्वउत्पन्न ६ लाख असेल तर ५ टक्के म्हणजे ३०,००० रुपये. गावात १५ दिव्यांग असतील तर डोक्यामागे वर्षाला २,०००. महिना २,५०० ने एका माणसाचं वर्षाचं संजय गांधी अनुदान होतं तेवढेच ३०,०००. साऱ्या गावाचा निधी एका माणसाच्या अनुदानाएवढा, हे डोळ्यांसमोर असलं म्हणजे मार्चअखेरीस तो सारखा वाटून टाकणं किती वाया जातं ते कळतं. त्या दोन हजारांनी कुणाचंच काही उभं राहत नाही. वाटप, शाल, नारळ आणि फोटो एवढंच मागे उरतं.

त्यापेक्षा दुरुस्तीचा खर्च मागा. केंद्राच्या एडिप योजनेतून तीनचाकी सायकल, कुबड्या, श्रवणयंत्रं फुकट मिळतात, शिबिरं होतात. पण खाऱ्या हवेत सायकलची साखळी आणि बेअरिंगं लवकर गंजतात, पुढच्या पावसाळ्यात ती पडवीत उभी राहते. नवीन साखळी, बेअरिंग, टायर-ट्यूब आणि मेकॅनिकची मजुरी, श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या, याला कुठलंच शिबिर पैसे देत नाही. उरलेल्यातून दर वर्षी एक-दोघांना धंद्यासाठी नीट रक्कम द्यावी आणि पुढच्या वर्षी पुढचे दोघे घ्यावेत. पाळी कुणाची हे दिव्यांगांनीच बसून ठरवलं तर भांडणं कमी होतात.

रॅम्पबद्दल थोडं सविस्तर, कारण निधीचा सर्वात मोठा घास तिथे जातो आणि काम बहुधा चुकतं. पावसामुळे आपल्याकडे जोतं उंच. दोन फूट जोतं म्हणजे ६० सेंमी. उतार १ ला १२ हवा, म्हणजे रॅम्प ७.२ मीटर, जवळजवळ २४ फूट लांब. ठेकेदार सहा-सात फुटांत उरकतो. अशा चढावर व्हीलचेअर मागे उलटते. रुंदी किमान १.२ मीटर, वर आणि खाली दीड मीटर सपाट जागा. पुढे अंगण नसेल तर रॅम्प मध्ये सपाट जागा ठेवून काटकोनात वळवावा. सिमेंट घोटून गुळगुळीत केलं की जुलैत शेवाळ धरतं, म्हणून ओल्यातच झाडूने आडव्या रेघा ओढाव्यात. रेलिंग दोन्ही बाजूंना, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या) किंवा स्टेनलेस पाइपचं. साधं लोखंड समुद्राकाठी टिकत नाही. शिवाय सार्वजनिक इमारत सुगम करणं ही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ग्रामपंचायतीचीच जबाबदारी आहे. हा खर्च आधी इमारतीच्या किंवा विकासकामाच्या पैशातून मागावा, दिव्यांगांच्या ५ टक्क्यांतून नाही.

संजय गांधीचा अर्ज एकट्याने करायचा असतो. ५ टक्के एकट्याने मागितला की तो मेहरबानी होऊन बसतो. सात-आठ जणांनी मिळून मागितला की तो अंदाजपत्रकातला एक आकडा होतो. म्हणून आधी प्रत्येक वाडीतली नावं ग्रामपंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत आहेत का ते बघा. मतिमंद मुलांची, पाखाडीच्या (पायऱ्यांच्या वाटेच्या) वर राहणाऱ्या म्हाताऱ्यांची आणि घरच्यांनी लपवून ठेवलेल्यांची नावं हमखास सुटतात. त्यांची नावं वहीत यावीत म्हणून घरच्यांशी बोलणं हेच दिव्यांगांच्या संघटनेचं पहिलं काम. आपल्या माणसाचं नाव उघड लिहायला लाज कसली?

ग्रामसभा चिऱ्याच्या चाळीस पायऱ्या चढून असेल, तर ती रस्त्यालगतच्या शाळेत घ्या, असा लेखी अर्ज सभेच्या आधी द्यावा. ऐकू न येणारे असतील तर विषय फळ्यावर लिहायला सांगावेत. पुढच्या वर्षाची मागणी डिसेंबरच्या आत द्यावी, म्हणजे अंदाजपत्रक होण्याआधी ती पोचते. मागच्या वर्षी स्वउत्पन्न किती आणि दिव्यांगांवर खर्च किती, हे दोनच आकडे माहिती अधिकारात मागावेत. फी १० रुपये, मुदत ३० दिवस. खर्च झाला नसेल तर गटविकास अधिकारी, मग जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी, आणि तिथेही नाही तर पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त, अशी चढती तक्रार.

सभेत ठराव झाला की इतिवृत्त वाचूनच सही करावी. ‘दिव्यांगांना मदत करण्याचे ठरले’ एवढंच लिहिलं असेल तर ते परत लिहायला लावावं. ‘५ टक्के निधीतून’, रक्कम, काम आणि मुदत या चारही गोष्टी त्याच ओळीत आल्या पाहिजेत.